पडद्यावरची तारामती

प्रश्न : दादासाहेब फाळके यांच्या पहिल्या चित्रपटात तारामतीची भूमिका एका पुरुषाने केली होती, असे वाचले. त्या काळी एकही स्त्री मिळाली नाही का? हे केव्हा पालटले? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले होते अण्णा साळुंके, जे ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात कामाला होते. फाळक्यांनी खटपट पुष्कळ केली. वेश्यावस्तीतही विचारणा केली, परंतु तिथूनही नकारच आला.

बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका डोक्यावर घेणाऱ्या मराठी प्रेक्षकाला यात वावगे वाटण्याचे कारण नव्हते. मात्र नाटकात स्त्रीत्वाचा आभास पुष्कळसा गळ्यावर, म्हणजे पदांवर आणि संवादांवर, तोललेला असे. मूकपटात तो गळाच नाहीसा झाला आणि सारा भार चेहऱ्यावर व अंगलटीवर येऊन पडला, ही गोष्ट माझ्या मते पुरेशी लक्षात घेतली जात नाही. या चित्रपटाच्या उपलब्ध रिळांमध्ये राणीच्या सख्यांच्या जलक्रीडेचे दृश्य आहे. हौदात उतरलेल्या, ओल्या लुगड्यांतल्या त्या पुरुषांकडे पाहिले की फाळक्यांची अडचण तत्काळ ध्यानात येते. साळुंक्यांचे कसब मात्र वादातीत होते. पुढे ‘लंकादहन’ (१९१७) या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या.

ही कोंडी १९१३ सालीच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये फुटली. त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमलाबाई, ज्या पुढे कमलाबाई गोखले म्हणून ओळखल्या गेल्या, मोहिनी झाली. तरीही घरंदाज स्त्रीने पडद्यावर येणे पुढील कित्येक वर्षे समाजाला रुचत नव्हते. म्हणूनच १९३२ साली कोल्हापूरच्या ‘प्रभात’ने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली हीच कथा ‘अयोध्येचा राजा’ या नावाने बोलपटात आणली, तेव्हा तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे यांच्यासारखी सधन, सुशिक्षित घराण्यातील स्त्री दिसणे आणि तिने स्वतःची गाणी स्वतः गाणे, ही मोठीच घटना ठरली. हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे या चित्रपटाचे संगीतकारही होते.

दुर्गा खोटे यांचा गौरव यथायोग्यच आहे. परंतु पडद्यावरील पहिल्या मराठी स्त्रिया म्हणून कोणी त्यांच्यापासून आरंभ करू लागले, तर एकोणीस वर्षे आधी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या त्या मायलेकींची नावे आपण आवर्जून सांगावीत.