वेफर्सच्या कढईआधी स्वभाव बघा

भाऊ, रावेरला केळी वेफर्सचं युनिट टाकायचं म्हणता, तर कढई-गॅसच्या हिशेबाआधी स्वतःचा स्वभाव तपासा. "मी बोलका नाही, धंदा कसा जमेल?" ही काळजी सोडा. झाओ आणि सायबर्ट या संशोधकांनी 2006 साली अनेक अभ्यास एकत्र तपासले. उद्योजक आणि नोकरीतले मॅनेजर यांच्या बोलकेपणात त्यांना म्हणावा असा फरक दिसला नाही. फरक होता काम नेटाने तडीस नेण्यात, नवं करून बघण्यात, मन स्थिर ठेवण्यात; यात उद्योजक पुढे होते. आणि उद्योजक कमी भिडस्त निघाले.

आपल्याकडे भीडच जास्त बुडवते. नात्यातला दुकानदार "पुढच्या बाजारी देतो" म्हणतो, आपण मान डोलावतो, केळीवाल्याला मात्र रोख मोजावे लागतात. म्हणून पहिल्याच दिवशी वहीत प्रत्येक दुकानापुढे उधारीची मर्यादा लिहा, समजा 2000 रुपये. मागचं फिटल्याशिवाय नवा माल नाही. वही पुढे केली की नकार द्यायला जीभ अडत नाही.

जोखमीचं म्हणाल तर मानसशास्त्रज्ञ मॅक्लेलंड यांच्या खुंटीवर रिंग फेकायच्या प्रयोगात यशाची ओढ असणाऱ्यांनी उभं राहायला मधलं अंतर निवडलं. फार जवळचं नाही, फार लांबचंही नाही. तुम्हीही आधी एक कढई, 5 दुकानं एवढंच धरा.

घाणा नरम पडला तर "हवाच दमट" म्हणून सोडू नका. तेल पुरेसं तापलं नव्हतं, काप जाड होते, की पाकिटाचं सील सुटलं? आपल्या हातातलं काय चुकलं ते त्याच संध्याकाळी तारखेसह लिहा.