सोसायटीच्या नव्या सचिवास

प्रिय मित्रा,

सचिवपद घेतल्याबरोबर तुझ्यापुढे पहिली तक्रार गळतीची आली, हे एका परीने बरंच झालं. सोसायटी कशी चालते हे त्यातून जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशातून कळत नाही. खालच्या घराचं छत ओलं, वरचे म्हणतात ‘आमच्याकडून काहीच नाही’, आणि कार्यकारिणी म्हणते ‘हा तुमचा दोघांचा प्रश्न, आपापसात मिटवा’. ही भूमिका चुकीची आहे. दोन घरांमधला स्लॅब इमारतीचा असतो. पाणी काँक्रीटमध्ये मुरलं की आतल्या सळया गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, काँक्रीटला आतून ढकलतो, तडे जातात, पोपडे पडतात आणि सळया उघड्या पडतात. गोष्ट तिथवर गेली की भुर्दंड सगळ्यांनाच पडतो. म्हणून तक्रार लेखी घे, तिला क्रमांक दे आणि त्या दिवसापासून ती सोसायटीची तक्रार समज.

कारण सापडल्याशिवाय दुरुस्ती मात्र सुचवू नकोस. प्लंबरला बोलावून पहिल्याच दिवशी वरची फरशी फोडणं ही सगळ्यात महाग पडणारी घाई आहे. आधी खालच्या कुटुंबाला आठवडाभर नोंद ठेवायला सांग. डागाची कड पेन्सिलने आखायची, शेजारी तारीख आणि वेळ लिहायची. दिवसरात्र सारखी ओल असेल तर संशय नळाच्या पाइपवर, कारण त्यात सतत दाब असतो. वरची न्हाणी वापरली की तासा-दोन तासांत डाग वाढत असेल, तर सांडपाण्याचा पाइप, जाळीभोवतालचा सांधा किंवा फरशीच्या फटी. फक्त पावसात वाढत असेल तर बाहेरची भिंत आणि खिडकीची चौकट बघायची; वरच्यांचा त्यात बहुधा काही संबंध नसतो.

मग चाचणी. पहिली नळाच्या पाइपची. वरच्या घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा टिपायचा आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघायचा. मीटर नसेल तर प्लंबरकडून पाइपला दाब देऊन तो टिकतो का ते पाहून घ्यायचं. दुसरी फरशीची. न्हाणीची जाळी घट्ट बंद करून फरशीवर साधारण २५ मिलिमीटर पाणी साठवायचं, भिंतीवर पातळीची खूण करायची आणि २४ ते ४८ तास ठेवायचं. शेजारी एका उघड्या भांड्यात पाणी भरून तिथेही खूण कर. भांड्यातलं पाणी जेवढं उतरलं तेवढं हवेत गेलं, त्याहून फरशीवरचं जास्त उतरलं असेल तरच ते कुठेतरी मुरलंय. ही साधी खबरदारी घेतली नाही की वरचे म्हणतात ‘ते वाळून गेलं’ आणि चाचणी वाया जाते. फरशी निर्दोष ठरली तर जाळी उघडून सांडपाण्याच्या पाइपमध्ये रंग मिसळलेलं पाणी सोडायचं आणि खाली रंग उतरतो का बघायचं. एका वेळी एकच चाचणी, आणि दोन चाचण्यांमध्ये ओल स्थिर होऊ द्यायची. दोन एकदम केल्या तर पाणी कुठून आलं हे पुन्हा अंदाजावरच राहील. सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही घरांतली माणसं हजर असावीत, फोटो काढावेत आणि खुणांखाली दोघांच्या सह्या घ्याव्यात.

आता खरी किल्ली. चाचणी कोण करणार, तिचा खर्च कोण देणार आणि कोणता निकाल आला तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने होणार, हे तिन्ही चाचणीआधी लिहून दोन्ही घरांची सही घे. निकाल माहीत नसताना माणसं न्याय्य बोलतात. निकाल कळल्यावर प्रत्येकाला स्वतःची बाजूच दिसते. माझा सल्ला असा की चाचणीचा खर्च सोसायटीने करावा. रक्कम छोटी असते, आणि त्यामुळे वरच्या कुटुंबाला आपल्यावर आरोप ठेवलाय असं वाटत नाही, दार उघडतं.

सोसायटीचे बाकीचे निर्णयही याच वाटेने जातात. भांडण सभेत दिसतं खरं, पण त्याचं मूळ सभेआधी न वाटलेल्या कागदात असतं. गच्चीच्या कामाचा विषय घे. नोटिशीत नुसतं ‘गच्ची दुरुस्तीबाबत चर्चा’ असं लिहिलं, तर लोक चर्चाच करतील, आणि ती तीन वर्षं चालेल. विषय प्रश्नाच्या रूपात लिही: ‘गच्चीचं संपूर्ण जलरोधक काम यंदा करावं का? करायचं तर सोबतच्या तीन दरपत्रकांपैकी कोणतं स्वीकारावं?’ सोबत तांत्रिक तपासणीचा अहवाल, दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता आणि प्रत्येक घरावर किती रक्कम येईल हा हिशेब जोड. नोटिशीची मुदत आणि गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) तुमच्या उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, दिली असेल ती शब्दशः पाळ. त्यात चूक राहिली तर चांगला ठरावही पुढे कोणीतरी रद्द करून घेतो. लोकांना आकडे घरी बसून बघायला वेळ मिळाला की सभेत आवाज निम्मा होतो.

दरपत्रकांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथे प्रामाणिक समित्याही फसतात. तीन ठेकेदारांना नुसतं ‘गच्ची बघून दर द्या’ म्हटलंस तर तिघे तीन वेगळ्या कामांचा दर देतील आणि सगळ्यात कमी काम करणारा सगळ्यात स्वस्त दिसेल. आधी काम आपण लिहायचं: जुना थर काढायचा की नाही, किती चौरस मीटर, पाणी वाहून जाण्यासाठी उतार किती (१०० ला १ तरी हवा), गच्ची आणि कठडा मिळतात त्या कोपऱ्यात गोलाई भरायची, थर कठड्यावर किती उंच चढवायचा, पावसाच्या पाइपची तोंडं कशी बंदिस्त करायची. थर गळतो तो बहुतेक वेळा मधोमध नाही, या कोपऱ्यांशी आणि पाइपच्या तोंडांशीच. मधल्या भागाचा दर्जा उत्तम आणि कोपरे कच्चे, असं काम पहिल्याच पावसात उघडं पडतं. फरशी बसवण्याआधी गच्चीवर ४८ तास पाणी साठवून दाखवण्याची अट घाल. फरशीनंतर दोष सापडला तर सगळंच उकरावं लागतं. पैसे मोजलेल्या कामाच्या टप्प्यांनी द्यायचे, आणि एकूण रकमेच्या ५ ते १० टक्के एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायचे. हे सगळं काम सुरू होण्याआधी करारात हवं. तोंडी हमीला अर्थ नसतो.

मतदान दोनच पर्यायांत असेल तर हात मोजले की झालं. तीन पर्याय आले की सावध हो. समज २१ मतं आहेत: ९ जण म्हणतात फक्त डागडुजी करा, ७ जणांना संपूर्ण नवं काम हवंय, ५ जणांना सगळ्या गच्चीवर नुसता लेप. सरळ मोजणी केली तर डागडुजी जिंकते, जरी १२ जणांना सगळ्या गच्चीचं काम व्हावं असं वाटत होतं. म्हणून दोन टप्पे कर. आधी ‘डागडुजी की सगळ्या गच्चीचं काम?’ आणि त्याचा निकाल लागल्यावर ‘कोणत्या पद्धतीने?’ दुसऱ्या टप्प्यात डागडुजीवाल्यांनीही मत द्यायचं, कारण पैसे त्यांचेही जाणार आहेत. फ्रेंच गणितज्ञ कोंदोर्से यांनी १७८५ मध्ये दाखवलं की तीन पर्यायांत बहुमत गोल फिरू शकतं: पहिला दुसऱ्याला हरवतो, दुसरा तिसऱ्याला, आणि तिसरा पहिल्याला. अशा वेळी कोणता पर्याय शेवटी मताला आला यावर निकाल ठरतो. म्हणून मतदानाचा क्रम नोटिशीतच छाप. सभेत ऐन वेळी क्रम ठरवणारा अध्यक्ष कितीही सरळ असला तरी संशय येतोच.

इतिवृत्त ४८ तासांत कच्चं फिरव. ‘गच्चीच्या कामाबाबत चर्चा होऊन काम करण्याचे ठरले’ हे इतिवृत्त नव्हे. नीट ओळ अशी असते: ‘ठराव ४. गच्चीचे संपूर्ण जलरोधक काम दरपत्रक क्रमांक २ प्रमाणे करावे. खर्चाची मर्यादा दरपत्रकाच्या रकमेवर जास्तीत जास्त १० टक्के, त्यापुढे पुन्हा सभा. देखरेख खजिनदार आणि दोन सभासद. काम पावसाआधी सहा आठवडे पूर्ण. बाजूने १४, विरोधात ५, तटस्थ २.’ ज्याने विरोध केला त्याचं कारण एका वाक्यात लिही. आपलं म्हणणं नोंदलं गेलंय हे दिसलं की तोच माणूस पुढे वर्गणी वेळेवर भरतो. हे अनेकांना खरं वाटत नाही, पण करून बघ.

व्हॉट्सअॅपवरचा अंगठा म्हणजे मत नव्हे, हे पहिल्या आठवड्यातच स्पष्ट कर. सूचनांचा एक गट ठेव, ज्यात फक्त कार्यकारिणी लिहील: पाणी कधी बंद, लिफ्ट कधी बंद, सभा कधी. तक्रारी गटावर न घेता नोंदवहीत घ्यायच्या. रात्री कोणी गटावर भांडण काढलं तर तिथे उत्तर देऊ नकोस, सकाळी दार वाजवून बोल. भाडेकरूंना मत नसलं तरी सभेत बसू दे आणि बोलू दे. लिफ्ट कुठे अडकते हे त्यांना मालकापेक्षा जास्त ठाऊक असतं.

पैशाचं एक गणित तू स्वतः कर. दरमहाच्या मेंटेनन्समधून रोजचा खर्च भागतो आणि मोठ्या कामाच्या वेळी सगळ्यांकडून एकदम मोठी रक्कम मागावी लागते, तेव्हा सगळ्यात वाईट भांडणं होतात. पंप, लिफ्ट, गच्चीचा थर, बाहेरचा रंग, पाण्याच्या टाक्या यांची यादी कर. प्रत्येकासमोर उरलेली वर्षं आणि आजच्या भावाने बदलण्याचा खर्च लिही. समज लिफ्टला २० वर्षं उरलीत आणि ती बदलायला तुमच्या महिन्याच्या एकूण जमेच्या ४० पट खर्च येईल. २० वर्षं म्हणजे २४० महिने. म्हणजे एकट्या लिफ्टसाठी दरमहा जमेचा सहावा भाग वेगळा पडायला हवा. शिवाय भाव वर्षाला ६ टक्क्यांनी वाढले तर १२ वर्षांत दुप्पट होतात, म्हणून हा तक्ता दरवर्षी नव्याने मांडायचा. तो सूचना फलकावर लाव. ‘निधी कशाला?’ हा प्रश्न मग कोणी विचारत नाही, ‘पुरेल का?’ असं विचारतात. हा निधी वेगळ्या खात्यात ठेव, नाहीतर थकबाकीमुळे रोजच्या खर्चाच्या पैशाने तळ गाठला की त्यालाच हात लागतो.

आवाज, बुटांचे रॅक, जिन्यात ठेवलेल्या सायकली यांत फार शक्ती घालवू नकोस. जिना आणि गच्चीचं दार मोकळं ठेवणं तेवढं सोडू नको, कारण आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच. दंडाचं मात्र ऐक. लोक सामाईक जंगलं, कुरणं आणि कालवे स्वतः मिळून पिढ्यान्‌पिढ्या कसे सांभाळतात याचा अभ्यास केलेल्या एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना एक गोष्ट आढळली: शिक्षा हळूहळू वाढत जाते. पहिल्या वेळी तोंडी सांगणं, दुसऱ्या वेळी पत्र, मग छोटा दंड, आणि वारंवार झालं तरच मोठा. पहिल्याच चुकीला जबर दंड ठेवलास तर तो लावायला कोणी धजावत नाही, आणि एकदा ओळखीच्या माणसाला माफ झाला की नियम संपला.

शेवटी विजेच्या गाडीचं. चौथ्या मजल्यावरच्यांनी चार्जर बसवायची परवानगी मागितली आहे आणि ‘एकच तर आहे, देऊन टाका’ असं सगळे म्हणताहेत. घाई करू नकोस. २३० व्होल्टवर ३२ अँपिअरचा घरगुती चार्जर साधारण ७.४ किलोवॉट ओढतो. असे पाच एकदम चालू झाले तर ३७ किलोवॉट, शिवाय लिफ्ट आणि पंप आहेतच. पहिल्या दोघांनी आपापली केबल आपल्या मीटरपासून ओढून घेतली की मार्ग भरतो, क्षमता संपते, आणि सहाव्याला नाही म्हणावं लागतं. त्या नकाराला कुठलंही न्याय्य कारण देता येणार नाही. म्हणून परवानाधारक वीजतज्ज्ञाकडून आधी इमारतीचा मंजूर भार (म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढायची परवानगी आहे) किती आणि त्यातला शिल्लक किती हे लेखी घे. ठराव असा कर: केबलचा मार्ग सगळ्यांसाठी एकच, प्रत्येक चार्जरला स्वतंत्र मीटर आणि गळतीचा प्रवाह तोडणारं सुरक्षा यंत्र, आणि एकूण भार मर्यादेच्या वर जाऊ लागला तर सगळ्या चार्जरचा वेग समान कमी करणारी व्यवस्था. ही अट पहिल्या अर्जदारालाही लागू असेल, आणि पुढे क्षमता वाढवावी लागली तर त्या खर्चात त्याचाही वाटा असेल, हे त्याच्या परवानगीपत्रात आजच लिही.

तुझा हितचिंतक