जर्मनीतील पहिल्या नाताळच्या रोषणाईविषयी

ड्रेस्डेनमधील घरात आपण प्रथमच नाताळची रोषणाई करणार आहात, म्हणून सर्वांत आधी एक विनंती करतो: दिवाळीचे दिवे उतरवल्यावर लगेच नाताळच्या माळा पेटवू नका. ॲडव्हेंट (नाताळपूर्वीचा चार रविवारांचा काळ) सुरू होण्याच्या आधीचा रविवार, म्हणजे टोटेनसोनटाग, येथील प्रोटेस्टंट लोक आपल्या मृतांच्या स्मरणासाठी पाळतात आणि तो उलटेपर्यंत पुष्कळ घरांच्या खिडक्यांत दिवे लागत नाहीत. शेजाऱ्यांच्या या भावनेचा मान राखणे मला फार महत्त्वाचे वाटते.

रंगीबेरंगी, उघडझाप करणाऱ्या माळांऐवजी खिडकीत ठेवायची एक श्विबबोगन घ्यावी. एर्त्सगेबिर्गे या खाणींच्या डोंगराळ प्रदेशातील ही दिव्यांची कमान असून, तिचा सर्वांत जुना ज्ञात नमुना योहानगेओर्गनश्टाट येथील, १७४० सालचा आहे. मला स्वतःला मात्र हेर्नहूटचा तारा (आतून उजळणारा, अनेक टोकांचा टांगता तारा) अधिक प्रिय आहे, कारण त्याची १७ चौकोनी आणि ८ त्रिकोणी बुडांची टोके एकेक करून जोडताना आकाशकंदील बांधण्याची हातांची जुनी सवय जागी होते. कागदी तारा घरातच टांगावा, गॅलरीसाठी प्लास्टिकचा घ्यावा, आणि बाहेर लावायच्या माळेवर आयपी ४४ ही (पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण असल्याची) खूण असल्याची खात्री करावी.

घर भाड्याचे असल्यास बाहेरच्या भिंतीला भोक पाडण्यापूर्वी घरमालकाची परवानगी घ्यावी. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारून येते. तेव्हापासून रात्री दहापर्यंतचा टायमर लावल्यास समोरच्यांच्या झोपेत उजेडाचा व्यत्यय येत नाही. ६ जानेवारीनंतर अनेक जण रोषणाई उतरवतात. एर्त्सगेबिर्गेमधील काही घरांत मात्र कमान २ फेब्रुवारीपर्यंत उजळत राहते.