प्रसिद्ध इटालियन कंडक्टर (वाद्यवृंदाचे संचालक) आर्तुरो टोस्कानिनी यांनी पहिल्यांदा ऑपेरा (संगीतनाट्य) कंडक्ट केला तो इटलीत की परदेशात?

परदेशात, ब्राझीलमध्ये. ३० जून १८८६ रोजी रिओ द जानेरोमध्ये इटालियन संगीतकार वर्डीचा ‘आईदा’ हा त्यांचा पहिला ऑपेरा. तेव्हा ते १९ वर्षांचे होते आणि एका इटालियन ऑपेरा मंडळीत चेलो (व्हायोलिनच्या जातीचं मोठं तंतुवाद्य) वाजवत होते. उन्हाळ्यात इटलीतली थिएटरं थंडावली की अशा मंडळ्या बोटीने दक्षिण अमेरिका गाठत, कारण तिकडे तेव्हा हिवाळा आणि ऐन ऑपेराचा हंगाम. त्या दौऱ्यात स्थानिक कंडक्टर भांडून निघून गेला, बदली माणसाला प्रेक्षकांनी आरडाओरडा करून हाकललं, आणि वादकांनी या पोराला पुढे ढकललं. सगळा ऑपेरा त्याला तोंडपाठ होता. समोरची स्वरलिपी न उघडताच त्याने तो पार पाडला.

पण या एका रात्रीने ते जगप्रसिद्ध झाले, हे मात्र जरा रंगवून सांगितलं जातं. १८८७ मध्ये मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात वर्डीच्या ‘ओतेल्लो’चा पहिला प्रयोग झाला तेव्हा ते पुन्हा चेलोवादकांतच बसले होते. ला स्कालाची सूत्रं त्यांच्याकडे १८९८ मध्ये आली आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा तर थेट १९०८ मध्ये.