लाकडी पुलाला छप्पर कशासाठी?

प्रश्न : युरोप-अमेरिकेतील काही जुन्या लाकडी पुलांना घरासारखे छप्पर आणि बाजूंनी फळ्यांच्या भिंती असल्याचे छायाचित्रांत पाहिले. ही सोय वाटसरूंसाठी की शोभेसाठी? असे पूल आज कसे जपले जातात?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : छप्पर पुलासाठीच असते; वाटसरूला मिळणारा आडोसा ही वरकमाई. माळवदाच्या घरात राहिलेल्यांना यामागचे कारण लगेच उमगेल. माळवदावरची माती पावसाळ्याआधी नीट चोपली नाही, तर तुळई बहुधा भिंतीत गेलेल्या टोकाशी आधी कुजते, कारण तिथे मुरलेले पाणी वाळत नाही. पुलाच्या दोन्ही अंगांच्या लाकडी कैच्यांचे, म्हणजे भार पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांचे, सांधे हेच असे ठिकाण. त्यामुळे उघडा पूल १५-२० वर्षांत खिळखिळा होई, तर झाकलेला शंभरी ओलांडू शके. बर्फ अडवण्यासाठी छप्पर घालत, हा समज खरा नाही. घसरगाड्या चालाव्यात म्हणून हिवाळ्यात उलट पुलात मुद्दाम बर्फ पसरावा लागे!

अमेरिकेत ही पद्धत रुळली ती फिलाडेल्फिया येथे १८०५ मध्ये खुल्या झालेल्या पुलापासून. तो टिमथी पामर यांनी बांधला आणि न्यायाधीश रिचर्ड पीटर्स यांच्या आग्रहाने झाकला गेला. पुढे १८२० मध्ये इथिएल टाउन यांनी साध्या फळ्यांच्या तिरक्या जाळीची रचना पेटंट केली. तिला अवजड तुळया आणि निष्णात कारागीर यांची फारशी गरज नसल्याने असे पूल खेडोपाडी झाले. जगातील सर्वांत लांब झाकलेला पूल कॅनडात हार्टलँड येथे आहे. तो ३९१ मीटर लांब असून १९०१ मध्ये खुला झाला, तेव्हा मात्र उघडाच होता.

छपराने पाऊस आवरला, तरी आग आणि महापूर उरतातच. स्वित्झर्लंडमधील ल्युसर्नचा चौदाव्या शतकातील पूल १९९३ च्या ऑगस्टमध्ये जळाला, त्यात आढ्याखालची सतराव्या शतकातील बहुतेक चित्रे गेली. पूल मात्र पुढच्याच वर्षी पुन्हा उभा राहिला. अमेरिकेत अशा पुलांच्या जतनासाठी १९९८ मध्ये केंद्राची स्वतंत्र योजना सुरू झाली. तरीही काही ठिकाणी खालून पोलादी तुळया घालून वाहनांचा सगळा भार त्यांच्यावर दिला जातो, कैच्या फक्त दिसण्यापुरत्या राहतात. माझ्या मते हे छप्पर राखून पूल घालवणे होय. कुजलेला तेवढाच भाग कापून त्याच जातीचे लाकूड जोडणे अधिक खर्चाचे असले, तरी त्यात पूल भार वाहत राहतो.

अर्थात त्यासाठी तसा सुतार हवा. चीनच्या फुजियान आणि झेजियांग प्रांतांत लाकडी कमानींचे असेच छपराचे पूल आहेत. युनेस्कोने २००९ मध्ये तातडीच्या संरक्षणाच्या यादीत घेतले ते त्या पुलांना नव्हे, ते बांधण्याच्या कारागिरीला.