जुना व्हिडिओ गेम, नवा टीव्ही: तुमचे प्रश्न

दिवाळीला माळा आवरताना जुना व्हिडिओ गेम हाती लागतो आणि तेच प्रश्न पुन्हा येतात. म्हणून एकत्र उत्तरं.

नव्या टीव्हीला पिवळं-लाल-पांढरं भोक नाही. गेम जोडायचा कुठे? (नौपाडा)
मागे किंवा बाजूला ‘एव्ही इन’ लिहिलेलं हेडफोनसारखं एकच भोक आहे का बघा. टीव्हीबरोबर आलेली छोटी केबल त्यात बसते. हरवली असेल तर त्याच मॉडेलची मागा. दुसरी केबल दिसायला सारखी असली तरी आतली जोडणी वेगळी असू शकते, मग चित्राऐवजी नुसती घरघर येते.

गेममधली माणसं जाडी दिसतात. (नेरूळ)
टीव्हीच्या मेनूत चित्राचं माप ४:३ करा.

दुकानदाराने एचडीएमआयचा डबा दिला, ‘चित्र फोर-के होईल’ म्हणाला. काहीच दिसत नाही. (वाशी)
डब्यावर ‘एचडीएमआय टू एव्ही’ छापलं असेल तर तो उलट्या दिशेचा आहे. तुम्हाला ‘एव्ही टू एचडीएमआय’ हवा. बिल घेऊन आजच जा, बदलून घ्या, मुदत संपण्याची वाट बघू नका. आणि फोर-केची थाप ऐकून जास्त पैसे मोजू नका. त्या काळचे बहुतेक गेम जेमतेम २४० ओळींचं चित्र पाठवतात. डबा ते ताणून मोठं करतो, नसलेला तपशील आणणार कुठून?

बटण दाबल्यावर उडी उशिरा बसते. (कळवा)
टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करा. तरी फरक नाही पडला तर डबा काढून थेट एव्हीत लावून बघा.

अडॅप्टर हरवलाय. राउटरचा ९ व्होल्टचा आहे, पिनही बसते. शेजारी म्हणतात, व्होल्ट जुळले की झालं. (ऐरोली)
नाही झालं! अजून लावला नसेल तर लावू नका. अशा ऐकीव सल्ल्यांनीच चांगले चालते गेम जळतात. अडॅप्टरच्या लेबलवर छोट्या गोलाची खूण असते, मधल्या ठिपक्यापासून एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. ठिपक्याला रेघेने जोडलेली खूण ती मधल्या पिनची. राउटरच्या अडॅप्टरची मधली पिन बहुधा अधिक असते. निन्टेन्डोच्या जपानी फॅमिकॉमला आणि सेगाच्या पहिल्या मेगा ड्राइव्हला मधली पिन उणे लागते. उलटं लावलं की आतला रेग्युलेटर किंवा चिप जाऊ शकते. निन्टेन्डोच्याच अमेरिकी गेमचा, एनईएसचा अडॅप्टर तर ९ व्होल्ट एसी (दिशा बदलणारी वीज) देतो, तो डीसीवर (एकाच दिशेच्या विजेवर) चालणाऱ्या गेमला लावणं म्हणजे संकट. जपानहून आलेला अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो, आपल्या २३० च्या प्लगला लावला की संपला. आपल्याकडच्या नकली गेममध्ये तर एकाचं दुसऱ्याशी जुळेलच असं नाही. म्हणून गेमच्या मागचं लेबल वाचा: व्होल्ट, एसी की डीसी, पिनची दिशा, अँपिअर. अँपिअर जास्त चालतील, कमी नाही. लेबल पुसलेलं असेल तर अंदाज नको, मल्टीमीटर वापरणाऱ्या कारागिराकडे न्या. खाडीकाठच्या दमट हवेत वर्षानुवर्षं पडून असेल तर आतले कपॅसिटरही तपासून घ्या, मगच वीज द्या.

बदकं मारायची बंदूक चालेल का? (कोपरी)
नाही. ती पिक्चर ट्यूबच्या प्रकाशाच्या वेळेवर चालते, सपाट पडदा ती वेळ पाळत नाही.

आई म्हणते, गेम खेळल्याने टीव्ही खराब होतो. (वर्तकनगर)
ती भीती ट्यूबच्या टीव्हीच्या काळातली. साध्या एलईडीला काळजी नाही. ओएलईडी असेल तर स्थिर चित्र तासन्‌तास ठेवू नका, आणि मॉडेलचं माहितीपत्रक बघून कंपनीच्या सेवा केंद्राला विचारा.