आजी 'अहो' का म्हणते, आणि मतदार यादीत नाव

प्रिय मनू,

तू विचारलंस की आजी आजोबांना नावाने हाक का मारत नाही, सारखं 'अहो' नि 'आमचे हे' काय, आणि लगेच दुसरं विचारलंस की अशा बायकांना स्वतःचं मत तरी देता यायचं का. दोन्ही एकदम विचारलंस ते बरं केलंस, कारण हे दोन प्रश्न खरंच एकमेकांत अडकलेत.

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं असं पूर्वी मानायचे, म्हणून ते फक्त उखाण्यात घ्यायचं, लग्नात नाहीतर हळदीकुंकवाला. पण मराठी बाईच्या पूर्ण नावात नवऱ्याचं नाव मधे असतंच ना, मग ऑफिसात कुणी पूर्ण नाव विचारलं की पंचाईत. मी लहानपणी रेशनकार्डाच्या रांगेत बघितलंय, बाई स्वतःचं नाव सांगायची, मग पदर तोंडाशी धरून शेजारच्या पोराला कोपराने ढोसायची, 'सांग की रे', आणि पोरगं मोठ्याने बापाचं नाव सांगायचं.

आता मताचं. ते कुणी आपणहून दिलं नाही गं. 1917 मध्ये सरोजिनी नायडू बायकांचं शिष्टमंडळ घेऊन मद्रासला इंग्रज सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटल्या, पण 1919 च्या कायद्यात इंग्रजांनी हात झटकले आणि प्रश्न प्रांतांवर ढकलला. हिराबाई टाटा आणि त्यांची लेक मिठन थेट लंडनला जाऊन तिथल्या पुढाऱ्यांचे उंबरे झिजवत होत्या, इकडे रमाबाई रानडेंनी चळवळ धरली होती. 1921 ला आधी मद्रासने आणि मग मुंबई इलाख्याने बायकांना मत दिलं, तेही प्रॉपर्टी वगैरे असेल तर, आणि तेव्हा प्रॉपर्टी बाईच्या नावावर असायची तरी कुठे! बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 लाच सायमन कमिशनपुढे सगळ्या प्रौढांना, बाया-पुरुष दोघांना मत मागितलं होतं, ते मिळालं राज्यघटना आल्यावर, शिकलेली असो अडाणी असो, शेत असो नसो.

तरी नाव आडवं आलंच. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना कितीतरी बायका परक्या माणसाला स्वतःचं नावच सांगेनात, मग कारकून लिहायचे 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको'. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन म्हणाले असं चालणार नाही, मतदार म्हणजे नाव असलेलं माणूस. शेवटी साधारण 8 कोटी बायकांपैकी 28 लाखांची नावं वगळली गेली, बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांत. मला ते अजून लागतं, कारण चूक त्यांची नव्हती, नाव झाकून ठेवायला त्यांना जन्मभर शिकवलं होतं. पण सेन यांचंही मला पटतं, 'तमक्याची बायको' म्हणून मत द्यायचं तर ते मत तमक्याचंच झालं की.

आणि आपण राहतो त्या स्वित्झर्लंडचं म्हणशील तर इथल्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळालं 1971 ला, म्हणजे तुझ्या पणजीने 1952 ला मत दिलं त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी. अपेनझेलच्या एका कँटनमध्ये, म्हणजे इथल्या राज्यात, तर बायकांना मत द्या असं 1990 ला कोर्टाला सांगावं लागलं! वर्गात कुणी म्हणालं ना की तुमच्याकडे बायका मागे, तर हे बिनधास्त सांग.

'अहो'चं म्हणशील तर ते आजीला आवडतं म्हणून ती म्हणते, तिला त्यावरून टोकू नकोस. रविवारी फोन केलास की तिच्या पहिल्या मतदानाचं मात्र विचार, ती भरभरून बोलेल.

तुझी,
आई